स्कॅन कोणीही करेल, कीर्द कोण ठेवणार?



एएमसीचा धंदा सुरू करायचा विचार करणाऱ्यांसाठी या आठवड्यात जो व्हिडिओ टाकला, त्यात मी एका ऑफिसचं नेटवर्क स्कॅन करून दाखवलं. बटण दाबलं आणि चार मिनिटांत कॉम्प्युटर, प्रिंटर, स्विच, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळ्यांची यादी पडद्यावर आली. बघायला भारी वाटतं, मलाही वाटतं. पण त्या व्हिडिओतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग तोच होता. वीस मिनिटांत जे बोलता आलं नाही ते इथे लिहितेय, कारण या विषयात मी पैसेही घालवलेत आणि एकदा माझ्याकडच्या मुलाची अब्रू जाता जाता वाचली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. डिस्कव्हरी सॉफ्टवेअर, म्हणजे नेटवर्कवर फिरून कुठे कुठलं मशीन आहे, त्यात काय काय आहे ते शोधणारं सॉफ्टवेअर निवडताना 'हे काय काय शोधतं?' हा प्रश्न सगळे विचारतात. विचारायला हवा तो दुसरा प्रश्न. सापडलेलं ते कुठे ठेवतं, कसं ठेवतं, किती दिवस ठेवतं आणि कधी पुसतं? शोधायचं काम फुकटात होतं. एनमॅप नावाचा प्रोग्राम १९९७ पासून मोफत मिळतोय, आजही उत्तम चालतो. धंदा उभा राहतो तो साठवलेल्या माहितीवर.

आधी तो प्रसंग सांगते. नाव-गाव सांगणार नाही, पण सांगली जिल्ह्यातलंच एक खासगी ऑफिस. बावीस कॉम्प्युटर, वर्षाचा मेंटेनन्स आमच्याकडे. आठ-नऊ महिने सुरळीत गेले. एक दिवस तिथल्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, आमच्या एका मशीनची रॅम कमी झालीय. बिलावर सोळा जीबी आहे, आत आठ निघाली. तुमचा मुलगा मागच्या आठवड्यात येऊन गेला होता." पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही, पण मला ते ऐकू आलं.

मुलगा वीस वर्षांचा. कवठेमहांकाळकडून एसटीने येतो, डबा आणतो, वडील शेतात. मी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, मी फक्त फॅन साफ केला." माझा त्याच्यावर विश्वास होता. पण माझा विश्वास त्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवून काय उपयोग? तिथे कागद लागतो.

मी ऐटीत सॉफ्टवेअर उघडलं. मशीन सापडलं. रॅम आठ जीबी. अहो, आज आठ आहे हे तर त्यांनाही दिसत होतं! प्रश्न होता की करार केला त्या दिवशी किती होती. इतिहासाचा टॅब उघडला तर तिथे फक्त तीस दिवसांच्या नोंदी. डिस्क भरत आली म्हणून 'जुने बदल पुसा' ही सेटिंग काही महिन्यांपूर्वी मीच चालू केली होती, आणि विसरून गेले होते.

त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते सॉफ्टवेअरने नव्हे. पहिल्या स्कॅननंतर मी सगळी यादी एका सीएसव्ही फाइलमध्ये काढून त्याच मॅनेजरना मेल केली होती. सवय म्हणून, कोणी मागितलीही नव्हती. मेल शोधला. पहिल्या दिवसाची नोंद होती: एका स्लॉटमध्ये आठ जीबी, दुसरा स्लॉट रिकामा. म्हणजे मशीन विकणाऱ्यानेच बिलावर सोळा लिहून आत आठ घातली होती. मी मेल पुढे पाठवला. मॅनेजर म्हणाले, "बरं, बघतो." माफी वगैरे काही नाही. मुलगा अजून माझ्याकडे आहे, पण त्या ऑफिसला तो जात नाही, आणि मीही त्याला पाठवत नाही.

आता मुद्द्यावर येते. त्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड काहीच नव्हता. माहिती कशी ठेवायची याचा निर्णय मी न समजता घेतला होता, एवढंच.

माझे आजोबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या. एक कीर्द. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं. कोणाकडून किती आले, कोणाला किती दिले. दुसरी खतावणी. कीर्दीतून उचलून प्रत्येकाच्या नावावर मांडलेला हिशोब. खतावणी बघून शेतकऱ्याला त्याची बाकी सांगता येते. पण वाद झाला की खतावणी बाजूला राहते आणि कीर्द उघडली जाते. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर चूक दुरुस्त करणारी नवी नोंद घालायची. बीबीएला मला हेच जर्नल आणि लेजर म्हणून शिकवलं, तेव्हा आजोबा हसले होते.

चांगलं डिस्कव्हरी सॉफ्टवेअर नेमकं याच पद्धतीने चालतं. बीएमसी डिस्कव्हरी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. (मुंबई महापालिका नव्हे, अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी.) मूळ ते लंडनच्या टाइडवे या कंपनीचं, २००९ मध्ये बीएमसीने ती कंपनी घेतली. हजारो सर्व्हर असलेल्या बँका आणि मोठ्या कंपन्यांसाठीचं काम आहे ते, आपल्यासारख्यांनी विकत घ्यायचं नाही. पण त्याची रचना समजून घ्यायला पैसे पडत नाहीत. ते एखाद्या सर्व्हरवर जाऊन एक कमांड चालवतं आणि जे उत्तर मिळालं ते जसंच्या तसं नोंदवतं. कुठल्या पत्त्यावर गेलो, केव्हा गेलो, काय विचारलं, काय उत्तर आलं. ही झाली कीर्द. मग त्या उत्तरांवरून अनुमान काढतं: हा एक सर्व्हर आहे, यावर अमुक डेटाबेस चालतो, त्या डेटाबेसवर तमुक प्रोग्राम अवलंबून आहे. ही खतावणी. आणि खतावणीतल्या नोंदीवरून मागे जात जात 'हे कशावरून म्हणतोस?' याचा पुरावा कीर्दीत बघता येतो.

डोळ्यांनी बघितलेलं आणि बघून ठरवलेलं यातला हा फरक आपल्या धंद्यात फार मोठा आहे. 'या मशीनमध्ये अँटिव्हायरस आहे' हे एका प्रोग्रामने नाव बघून ठरवलेलं असू शकतं. प्रत्यक्षात त्याचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलेलं असतं. ग्राहकाला रिपोर्ट देताना कुठली ओळ बघितलेली आणि कुठली ठरवलेली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

त्या सॉफ्टवेअरची आणखी एक गोष्ट मला आवडते. मशीन एकदा दिसलं नाही म्हणून ते लगेच उडवत नाही. ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळा शोधून सापडलं नाही, तरच 'गेलं' असं मानतं, आणि तेव्हाही आधी त्या नोंदीवर 'गेलं' अशी खूण करतं, पाटी सरळ कोरी करत नाही. आपल्याकडे याचं महत्त्व दिवाळीत कळतं. ऑफिस आठ दिवस बंद. सगळी मशीन बंद. 'सात दिवस दिसलं नाही तर काढून टाका' अशी सेटिंग असेल, तर पाडव्यानंतर तुमच्या यादीत शुकशुकाट. मशीन चालू झाली की ती परत येतील, हो. पण नवीन मशीन म्हणून. जुन्या नोंदीवर तुम्ही हाताने लिहिलेलं 'कीबोर्ड बदलला', 'पॉवर सप्लाय आवाज करतो' हे सगळं गेलं.

आता पैसे कुठे घालवले ते सांगते. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या ग्राहकाचं काम मिळणार होतं. मशीनमागे वर्षाला १,२०० रुपये असा दर ठरला. मी मोफत मिळणारं एक सॉफ्टवेअर चालवलं, यादी आली ४१ मशीनची, कोटेशन दिलं, सही झाली. मुलं कामाला गेली आणि संध्याकाळी म्हणतात, "ताई, मशीन ५८ आहेत." मला वाटलं चेष्टा करतायत.

झालं असं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर साठवताना 'हे मशीन आधी बघितलेलंच का नवीन?' हे कशावरून तरी ओळखतं. माझं सॉफ्टवेअर सिरियल नंबरवरून ओळखत होतं. ब्रँडेड मशीनला कंपनी सिरियल नंबर घालते. पण आपल्याकडे निम्मी मशीन असेंबल केलेली. त्यांच्या मदरबोर्डमध्ये सिरियल नंबरच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं वाक्यच छापलेलं असतं. म्हणजे 'इथे नंबर भरावा'. कोणी भरत नाही. तिथे अशी अठरा मशीन होती आणि माझ्या सॉफ्टवेअरने अठराही एकच मशीन म्हणून साठवली. एकावर एक लिहीत गेलं, शेवटचं राहिलं. सतरा गायब. सतरा गुणिले बाराशे, २०,४०० रुपये. वर्षभर ती सतरा मशीन आम्ही फुकट सांभाळली, कारण कोटेशनवर सही माझी होती.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये यावर तोड असते. ओसीएस इन्व्हेंटरी आणि जीएलपीआय, दोन्ही मोफत, दोन्हींत अशा बिनकामाच्या नंबरांची काळी यादी ठेवता येते. म्हणजे सिरियलच्या जागी हे वाक्य दिसलं की त्यावर विश्वास ठेवू नकोस, दुसरं काहीतरी बघ. दुसरं म्हणजे काय? आयपी पत्ता म्हणाल तर तो राउटर रोज बदलून देऊ शकतो. मॅक पत्ता बरा, कारण तो नेटवर्क कार्डात असतो. पण आजकालच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, ऑफिसात यूएसबीचा एकच अडॅप्टर असतो आणि तो चार लॅपटॉपना फिरवून लावतात. मग मॅक पत्ता लॅपटॉपचा राहतो का अडॅप्टरचा? म्हणून शहाणी सॉफ्टवेअर एका खुणेवर न जाता दोन-तीन खुणा जुळवून बघतात. आपण माणूस ओळखतो तसंच. नुसतं आडनाव पाटील म्हटल्यावर आपण कोणाला ओळखतो का? गाव विचारतो, वडिलांचं नाव विचारतो.

एएमसीवाल्यांसाठी यात एक जास्तीचं दुखणं आहे, जे मोठ्या कंपन्यांना इतकं नसतं. आपल्या दहाही ग्राहकांकडे आयपी पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात. राउटरच तसे येतात. डॉक्टरांच्या बिलिंगचं मशीन १९२.१६८.१.१० आणि क्लासच्या रिसेप्शनचंही १९२.१६८.१.१०. दोन्ही ग्राहकांची माहिती एकाच डब्यात टाकली तर एक दिवस डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये क्लासचा प्रिंटर निघेल. हसू नका, हे होतं. जीएलपीआयमध्ये यासाठी 'एंटिटी' म्हणून वेगवेगळे कप्पे करता येतात, ओसीएसमध्ये प्रत्येक मशीनला टॅग लावता येतो. पहिलं मशीन नोंदवायच्या आधी कप्पे करा. नंतर वेगळं करणं म्हणजे मिसळलेली तूर-मूग डाळ निवडत बसणं.

हाताने लिहिलेली माहिती आणि मशीनने आणलेली माहिती यांचं भांडण हाही साठवणुकीचाच प्रश्न. मशीन कुठे ठेवलंय, 'दुसरा मजला, खिडकीजवळ' हे कुठलंच स्कॅन सांगू शकत नाही. ते आपणच लिहितो. उद्याच्या स्कॅनने त्यावर बोळा फिरवायला नको. जीएलपीआयमध्ये तुम्ही एखादी जागा हाताने बदललीत की तिला कुलूप लागतं, पुढचं स्कॅन तिला हात लावत नाही. चांगली सोय आहे. पण उलटाही घोळ होतो. मुलाने एकदा रॅम हाताने लिहिली, कुलूप लागलं, नंतर खरी रॅम वाढवली तरी यादीत जुनीच. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: जे मशीन स्वतः सांगू शकतं ते माणसाने लिहायचं नाही.

आता डिस्क का भरते ते बघू, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली होती. ढोबळ हिशोब करा. एका मशीनची पूर्ण माहिती, म्हणजे हार्डवेअर, सगळे प्रोग्राम, अपडेट, सगळं मिळून २०० केबी धरली. तीनशे मशीन असली तर एका दिवसाची ६० एमबी. वर्षाची जवळजवळ २२ जीबी, आणि त्यातलं जवळपास सगळं कालचंच आज परत लिहिलेलं. विंडोजवरचे बरेच प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचा मोफत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरतात. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये त्याच्या एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. या हिशोबाने साडेपाच महिन्यांत तो भरतो, आणि भरला की सॉफ्टवेअर नवीन काही लिहायचं थांबतं.

म्हणून काहीतरी पुसावं लागतं, यात वाद नाही. काय पुसायचं यात आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची नोंद ही बदलाची असते. '१२ तारखेला रॅम ८ ची १६ झाली.' ही एक ओळ. ती ठेवायला जागा लागतच नाही म्हणा ना. रोजचं पूर्ण स्कॅन महिना-दोन महिन्यांनी खुशाल पुसा. मी उलटं केलं होतं, बदल पुसले आणि फाफटपसारा ठेवला. आता आमचा नियम असा: बदलाच्या नोंदी करार संपल्यावरही तीन वर्षं ठेवायच्या. तीनच का? आपल्याकडे कराराच्या पैशाच्या बहुतेक दाव्यांना मुदत तीन वर्षांची असते. वकिलांना विचारून घ्या तुमच्या बाबतीत, पण 'डिस्क भरली म्हणून' हे माहिती पुसण्याचं कारण असू शकत नाही. आणि करार केला त्या दिवसाची यादी सीएसव्हीमध्ये काढून ग्राहकाला मेल करायची, ही जुनी सवय आता सवय राहिलेली नाही, कराराच्या कागदावर कलम आहे.

जुन्या माहितीचा उपयोग फक्त भांडणात होतो असं समजू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आधी सहा महिने प्रत्येक ग्राहकाचा एकच प्रश्न: आमची किती मशीन विंडोज ११ ला चालतील? त्याला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ज्यांच्याकडे मशीनची यादी प्रोसेसरच्या नावासकट साठवलेली होती, त्यांनी एका दुपारी सगळ्या ग्राहकांना उत्तरं दिली. आमच्याकडे प्रोसेसर होता, टीपीएमची नोंद नव्हती, म्हणून तेवढ्यासाठी परत फिरावं लागलं. तरीही त्या तिमाहीत नवीन मशीन आणि एसएसडीची जी विक्री झाली ती दुकानात बसून झाली नसती.

आणि बॅकअप. सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ सांगायला नको. बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आमचा सर्व्हर म्हणजे काउंटरखालचा एक जुना डेस्कटॉप होता. मी बॅकअप घेत नव्हते असं नाही हं. रोज घेत होते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क त्याच काउंटरच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर दोन्ही चिखलात सापडले. ग्राहक सगळे राहिले, पण कोणाकडे काय आहे याची आमची तीन वर्षांची कीर्द गेली. दुकानातला माल परत भरता आला. ती यादी पुन्हा दारोदार जाऊन करायला चार महिने लागले, त्या चार महिन्यांचे पैसे कोणी दिले नाहीत.

आता डेटाबेस भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आहे, रोज रात्री त्याची प्रत निघते, एक प्रत दुकानात आणि एक माझ्या घरी येते. एक बारीक गोष्ट, जी पुष्कळ जण चुकतात. चालू असलेल्या डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करणं हा बॅकअप नाही. कॉपी चालू असताना आत लिहिणंही चालू असतं, त्यामुळे अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी हाताला लागतं. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर मायएसक्यूएल-डंपसारख्या त्याच्याच साधनाने प्रत काढा.

पासवर्डबद्दल मी थोडी कडक आहे. ग्राहकाच्या मशीनमध्ये डोकवायचं तर डिस्कव्हरी सॉफ्टवेअरला लॉगिन लागतं, विंडोजचं, लिनक्सचं, स्विचचं. म्हणजे तुमच्या त्या एका डेटाबेसमध्ये तुमच्या सगळ्या ग्राहकांच्या चाव्या लटकतायत. चोराला आणखी काय हवं? शक्य असेल तिथे एजंट वापरा. एजंट म्हणजे ग्राहकाच्या मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्राम, तो आतूनच माहिती गोळा करून तुमच्याकडे पाठवतो, तुम्हाला त्या मशीनचा पासवर्ड साठवावाच लागत नाही. स्विच-प्रिंटरसाठी लागेल तिथे फक्त वाचण्यापुरतं लॉगिन मागा. 'ॲडमिनचाच द्या, सोपं पडतं' असं म्हणणारा टेक्निशियन माझ्याकडे टिकत नाही.

शिवाय यादीत माणसंही असतात. कोण कुठल्या मशीनवर लॉगिन झालं, लॅपटॉपला कोणाचं नाव दिलंय, हे सगळं सॉफ्टवेअर गुपचूप साठवत असतं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, आणि माहिती नीट न सांभाळल्याबद्दलच्या दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्यांवर कोणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका. पण ही यादी कोणाची, हे करारात लिहिलेलं असू द्या. माझं मत स्पष्ट आहे: यादी ग्राहकाची. तो आम्हाला सोडून दुसऱ्याकडे गेला तर त्याची माहिती त्याला फाइलमध्ये काढून द्यायची. आमच्या लाइनमधले काही जण यादी दाबून ठेवतात, म्हणजे ग्राहक अडकून राहील. मला हे पटत नाही. दोन ग्राहक यादी घेऊन गेले आणि वर्षभरात त्यातला एक परत आला. दुसरा आला नाही.

'मग कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?' असं मला कोणी विचारलं तर मी नाव सांगायच्या आधी एक काम सांगते. जे घ्यायचंय ते दोन मशीनवर बसवा. एका मशीनची रॅम काढा, परत स्कॅन करा, आणि कालची रॅम किती होती ते सॉफ्टवेअरला विचारा. मग एक मशीन दहा दिवस बंद ठेवा आणि त्याच्या नोंदीचं काय होतं ते बघा. मग सगळी माहिती सीएसव्हीमध्ये बाहेर काढून बघा. या तीनमध्ये जे पास होईल ते घ्या, स्क्रीन कितीही जुनाट दिसू दे. मी स्वतः जीएलपीआयवर आहे. फ्रान्समध्ये सुरू झालेलं, मोफत, मराठी माणसाला जरा किचकट वाटेल असं. पण कीर्द नीट ठेवतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे बॅकअपवरून सगळं परत उभं करून बघायची पद्धत आहे. ते काम तोच कवठेमहांकाळचा मुलगा करतो, ज्याच्यावर आळ आला होता. मागच्या शनिवारी डेटाबेस चाळीस मिनिटांत उभा राहिला, मशीन सगळी दिसली, पण साठवलेले पासवर्ड काही उघडेनात. शोधलं तर जीएलपीआयची चावीची एक वेगळी फाइल असते, पासवर्ड तिनेच कुलूपबंद होतात, आणि ती डेटाबेसमध्ये नसून प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये राहते. आम्ही डेटाबेस रोज नेत होतो, चावी कधीच नेली नव्हती. त्याने बॅकअपच्या यादीत एक ओळ वाढवली आणि त्याच संध्याकाळी परत करून बघितलं. उघडले. चावीची प्रत आता डेटाबेसपासून वेगळी, माझ्या घरच्या कपाटात आहे.

पुढच्या व्हिडिओत जीएलपीआय पहिल्यापासून बसवून दाखवणार आहे. एखादा जुना पीसी हाताशी ठेवा, असेंबल केलेला असेल तर उत्तमच. त्याचा सिरियल नंबर काय येतो ते तुमचं तुम्हीच बघा.